मेलेले यंत्र कोणी ओढायचे?

बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, म्हणजे धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरला जे भाषण केले त्यात संगमनेरची एक हकीकत आहे. महारांनी मेलेली जनावरे ओढण्याचे सोडले तेव्हा 'केसरी'त एक हिशोब छापून आला होता. गावात वर्षाकाठी इतकी जनावरे मरतात, त्यांचे कातडे, शिंगे, हाडे, मांस विकून पाचशे रुपये मिळू शकतात, आणि पुढाऱ्यांच्या नादी लागून हे लोक एवढ्या उत्पन्नाला मुकतात, असा त्याचा मतलब होता. संगमनेरच्या सभेच्या वेळी हाच प्रश्न बाबासाहेबांपुढे आला. त्यांच्या उत्तराचा आशय असा, की एवढा नफा असेल तर तो तुम्ही घ्या. जनावरे तुम्ही ओढा, वर पाचशे रुपये मी माझ्या पदरचे देतो.

हल्ली दुसरा एक हिशोब वरचेवर वाचायला मिळतो. टाकून दिलेल्या दहा लाख मोबाईल फोनांतून सुमारे ३४ किलो सोने, ३५० किलो चांदी, १५ किलो पॅलेडियम आणि १६ टन तांबे निघते. कचऱ्यात सोने आहे, शहर म्हणजे खाण आहे, असे त्यावर मथळे येतात. ह्या आकड्यांत चूक नाही. 'केसरी'चा हिशोबही कदाचित बरोबर असेल. पण दोन्ही हिशोबांत एक रकाना राहून गेलेला आहे, आणि तो ओढणाऱ्याचा आहे. त्या रकान्याविषयी मला लिहावयाचे आहे.

मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. सातपूरच्या आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा कोर्स करून मी नाशिकरोडला पंचवीस वर्षे दुरुस्तीचे दुकान चालवले आणि पुढे काही वर्षे तेच काम मुलांना शिकवले. तेव्हा वाचकांनी माझ्याकडून ग्रंथांपेक्षा स्क्रू-ड्रायव्हरची साक्ष अधिक अपेक्षावी. तरीपण जी यंत्रे मी आयुष्यभर उघडली त्यांचे मेल्यावर काय होते हा प्रश्न मला शेवटी आमच्या घराण्याच्या इतिहासाकडे घेऊन गेला, म्हणून सुरुवात तेथूनच करतो.

आमचे मूळ गाव निफाड तालुक्यातले. आजोबा येसकरकी करीत. गावात बैल मेला की सांगावा येई, आणि चार माणसे दोर घेऊन जात. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्या वर्षी आमच्या वस्तीतले काही जण नाशिकला जाऊन आले आणि परत येताना निश्चय घेऊन आले. त्यानंतर गावात पहिला बैल मेला तेव्हा कोणी गेले नाही. वडील तेव्हा लहान होते. ते सांगत, की तीन दिवस बैल बांधावर पडून होता, वारा वस्तीकडे वाहत होता, आणि चौथ्या रात्री मालकाने आपल्याच दुसऱ्या बैलजोडीला साखळी बांधून तो ओढून नेला. रात्री अशासाठी, की कोणी पाहू नये. त्या सुगीला खळ्यावरचे बलुते मिळाले नाही. आजी नाशिकरोडच्या बाजूला बांधकामावर मजुरीला जाऊ लागली. आम्ही नाशिककर झालो ते असे.

ज्याला वतन म्हणत त्याची ही दुसरी बाजू. मेलेल्या जनावराच्या कातड्यावरचा अधिकार हा महाराचा 'हक्क' म्हणून सांगितला जाई. १८७४च्या वतन कायद्याने त्यावर सरकारी शिक्का बसला होता. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात त्या कायद्याला दुरुस्तीचे बिल आणले, पण ही वतने खालसा व्हायला १९५८चा कायदा यावा लागला. तीस वर्षे गेली. ह्या तीस वर्षांत आपल्यातलेही काही लोक म्हणत होते, की हक्क आहे तो कशाला सोडायचा, पोटाला काय घालायचे? त्यांना मी हसणार नाही. ज्याच्या हातात दोर असतो त्याला दोर सोडल्यावर उद्या काय हे विचारावेच लागते.

मार्च १९२७ मध्ये महाडला भरलेली परिषद चवदार तळ्यामुळे सर्वांना ठाऊक आहे. त्याच परिषदेत स्पृश्य समाजाला उद्देशून जे ठराव झाले त्यांत एक असा होता, की त्यांनी आपल्या मेलेल्या जनावरांची विल्हेवाट आपण स्वतः लावावी. तळ्याच्या पाण्यापुढे हा ठराव मागे पडला. माझ्या मते तो तितकाच मूलगामी आहे. जनावर जिवंत असेतो त्याचे दूध, शेण आणि नांगरट मालकाची, आणि ते मेल्याबरोबर महाराचे, ह्या वाटणीवर त्याने बोट ठेवले होते. लाभ ज्याचा, त्याने घाणही निस्तरावी, इतके साधे त्याचे म्हणणे होते.

त्यानंतर त्रेसष्ट वर्षांनी, १९९० मध्ये, टॉमस लिंडक्विस्ट नावाच्या स्वीडिश अभ्यासकाने तेथील पर्यावरण खात्यासाठी एक कल्पना मांडली. वस्तू विकली म्हणजे कारखानदाराची जबाबदारी संपत नाही. ती निकामी झाल्यावर परत घेणे आणि तिचा निकाल लावणे हेही त्याच्याच अंगावर राहिले पाहिजे. ह्याला 'उत्पादकाची विस्तारित जबाबदारी' म्हणतात. युरोपातले कायदे ह्या तत्त्वावर झाले. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नियम २०११ साली झाले व १ मे २०१२ पासून अंमलात आले, तेही ह्याच तत्त्वावर. (तारीख कामगार दिनाची, हा निव्वळ योगायोग.) स्वीडनच्या त्या गृहस्थाने महाडचे ठराव वाचले असण्याचा संभव नाही. पण ज्याचे जनावर त्याने ओढावे आणि ज्याचे यंत्र त्याने परत घ्यावे ह्या दोन वाक्यांत तत्त्वाचा फरक मला दिसत नाही. पर्यावरणाचा विचार पाश्चात्त्यांकडून आला असे आपल्या विद्यापीठांतून शिकवले जाते. शिकवणाऱ्यांनी महाडचे ठराव एकदा काढून पाहावेत.

फरक आहे तो पुढे काय झाले ह्यात.

आता माझ्या दुकानाकडे येतो. व्हॉल्व्हचा रेडिओ मरत नसे. व्हॉल्व्ह गेला की दुसरा बसवायचा. मागच्या झाकणाच्या आत कंपनीनेच सर्किटचा नकाशा चिकटवलेला असे. माझ्याकडे बापाचा रेडिओ दुरुस्तीला घेऊन मुलगा येई आणि पुढे त्याचा मुलगा येई. १९८२च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही आला, घराघरांत गेला, आणि दुरुस्तीचा धंदा जोरात चालला. १९९१ नंतर कंपन्या वाढल्या, मॉडेले दरवर्षी बदलू लागली, नकाशे मिळेनासे झाले. एका आयसीत पूर्वीचे पन्नास भाग बसले. ती आयसी गेली की बोर्डच बदला, आणि बोर्डाची किंमत ऐकून गिऱ्हाईक म्हणे, राहू द्या, नवीनच घेतो. शेवटी पातळ पडद्याचे टीव्ही आले. दुरुस्तीला टाकलेले जुने संच लोक परत न्यायला येईनात. २००८ साली मी दुकान बंद केले तेव्हा भिंतीला लागून साठ-पासष्ट पिक्चर ट्यूबचे टीव्ही रचून पडले होते. माझ्या धंद्याचे ते मसणवट होते म्हणा.

ते मी भंगारात विकले. एकगठ्ठा. टेम्पो आला, संच भरले गेले, मी पैसे मोजून घेतले. तेव्हा ई-कचऱ्याचा कायदा नव्हता. परंतु त्या पिक्चर ट्यूबमध्ये काय असते ते मला चांगले माहीत होते. क्ष-किरण बाहेर येऊ नयेत म्हणून तिच्या काचेत शिसे घातलेले असते, एकेका ट्यूबमध्ये किलोच्या वर. बोर्डावरचे टाके साठ-चाळीसच्या सोल्डरचे: साठ भाग कथील, चाळीस भाग शिसे. त्याचा धूर मी स्वतः पंचवीस वर्षे घेतलेला आहे. हे सर्व माहीत असून मी टेम्पोवाल्याला एवढेही विचारले नाही, की हे तू कोठे नेणार.

कोठे गेले ते मला पुढच्या उन्हाळ्यात कळले. आमच्या नात्यातली एक बाई सातपूर भागात राहते. नवरा कारखान्यात कंत्राटावर होता, तो वारल्यावर ती भंगार वेचू लागली. मी तिच्याकडे एका लग्नाची पत्रिका द्यायला गेलो होतो. ती म्हणाली, "भाऊ, तुमच्या टीव्हीतलं तांबं लई चांगलं निघालं." माझ्या दुकानाच्या पाट्यांची लेबले तिने ओळखली होती. ट्यूबच्या मानेवर तांब्याच्या तारेची जी गुंडाळी असते, ज्याला आम्ही योक म्हणतो, ती काढण्यासाठी मान हातोडीने फोडतात. आत पोकळी असल्याने काच आतल्या आत फुटून उडते. वायरी नासर्डीच्या काठाला जाळायच्या, प्लॅस्टिक गेले की तांबे उरते. जळके तांबे काट्यावर कमी भावाने जाते, सोललेले जास्त भावाने. पण सोलायला दिवस जातो आणि जाळायला घटका. काच मात्र कोणी घेत नाही. ती तेथेच काठावर पडलेली होती. नासर्डी, जिला आता नंदिनी म्हणतात, सातपूरकडून वाहत येऊन टाकळीजवळ गोदावरीला मिळते.

माझ्या आजोबांनी दोर टाकला आणि मी तो तिच्या हातात दिला, हे मला त्या दिवशी कळले. ह्यापेक्षा सौम्य शब्द मला सापडत नाही.

आता ह्या विषाची थोडी तांत्रिक बाजू सांगणे भाग आहे, कारण आपल्या कार्यकर्त्यांना ती सहसा कोणी सांगत नाही. वायरीवरचे आवरण पीव्हीसीचे असते. ते उघड्यावर जळते तेव्हा डायॉक्सिन जातीची विषे तयार होतात, आणि आतले तांबे ही क्रिया वाढवते. म्हणजे नुसते प्लॅस्टिक जाळण्यापेक्षा वायर जाळणे वाईट. बोर्ड पेटू नये म्हणून त्यात ब्रोमीनची रसायने घातलेली असतात, तीही धुरात जातात. ट्यूबलाइटमध्ये व पहिल्या पिढीच्या पातळ पडद्यांच्या मागच्या दिव्यांत पारा असतो. बोर्डावरचे सोने काढायला तेजाब वापरतात. त्याची वाफ फुप्फुसात आणि उरलेले पाणी गटारात. परंतु ह्या सर्वांत मला अधिक भय शिशाचे वाटते. शिशाला वास नाही, धूर दिसत नाही. ते धुळीतून लुगड्याला, केसांना, हातांना चिकटून घरी येते. पोटात गेलेले शिसे मोठ्या माणसापेक्षा मुलाचे शरीर चार-पाच पटींनी अधिक शोषून घेते, आणि त्याचा पहिला घाव मेंदूवर असतो: लक्ष लागत नाही, वाचलेले टिकत नाही, मूल चिडके होते. अमुक मात्रेपर्यंत ते निर्धोक आहे असे आज कोणतेही वैद्यकशास्त्र सांगत नाही. भारतात पेट्रोलमधले शिसे २००० साली बंद झाले ते ह्याच कारणासाठी.

ज्या समाजाने शिक्षण ही एकच शिडी धरून गावकूस ओलांडले, त्याच्या मुलांच्या मेंदूत शिसे जाते म्हणजे काय होते, ह्याचा विचार शिक्षक वाचकांनी तरी करावा. मी ज्या वस्तीतल्या मुलांना संध्याकाळी शिकवीत असे, तेथे एक मुलगा होता. हुशार होता असे त्याच्या पहिलीच्या बाई सांगत. चौथीत त्याला पाढा लक्षात राहीना. आम्ही त्याला आळशी म्हणत होतो. घरात वायरी सोलण्याचे व बोर्ड फोडण्याचे काम चाले. त्याचे रक्त कोणी तपासले नाही, म्हणून मी काही सिद्ध करू शकत नाही. पण 'मागास वस्तीतली मुले गणितात कच्ची' असे वाक्य स्टाफरूममध्ये ऐकले की मला तो मुलगा आठवतो.

अण्णाभाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेली आहे. खाण बंद पडल्यावर भीमा प्रेतांच्या राखेतून सोने शोधू लागतो, प्रेतासाठी कोल्ह्यांशी झुंजतो आणि शेवटी हाताची बोटे गमावतो. आणि ती गेल्यावर कळते की खाण पुन्हा सुरू झाली. कामगार काम गमावून स्मशानात जातो हे त्या कथेतले सामाजिक सत्य आहे. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती बघत ज्यांनी आयुष्य काढले त्यांना ते समजावून सांगावे लागत नाही. स्विचगिअर, मोटारी, विजेचे सामान बनवणारे हे शहर. आपली माणसे कायम नोकरीच्या आशेने आली, कंत्राटावर राहिली, आणि कंत्राट सुटले की त्याच कारखान्यांच्या मागच्या फाटकातून निघणाऱ्या भंगारावर आली. माल तोच, दार फक्त मागचे.

अंबड लिंक रोडला जो भंगार बाजार वाढला होता तेथे शेकडो दुकाने होती. जानेवारी २०१७ मध्ये महापालिकेने मोठ्या पोलीस बंदोबस्तात तो उठवला. अतिक्रमण होते, आगी लागत, धूर होई, आसपासच्या वसाहतींची तक्रार खरी होती. त्याविषयी माझे दुमत नाही. पण त्या आठवड्यात नाशिकमधला एकही टीव्ही मरायचा थांबला नाही. भंगार पांगले, वस्त्यांत आणि नाल्यांच्या कडेला शिरले, आणि पुढे त्याच भागात दुकाने पुन्हा दिसू लागली. येथे आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. त्या बाजारात राबणारे पुष्कळसे उत्तर प्रदेश-बिहारकडचे गरीब मुसलमान. आपल्या बायका वेचतात, ते मोडतात. आपण सोडलेले काम कोणी धरले हा प्रश्न चळवळीने कधी विचारला नाही. आणि आज आपल्या शिक्षक-अधिकाऱ्यांच्या कॉलनीतल्या माळ्यावर जुना मॉनिटर, तीन मोबाईल, एक बंद यूपीएस पडलेला आहे. आता आपणही जनावराचे मालक झालो आहोत.

जाणणारा वर आणि सोसणारा खाली, ही रचना किती जिवावर उठते त्याचे उदाहरण दिल्लीचे आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९८५ पासून न वापरलेले एक किरणोत्सर्गी उपकरण होते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते लिलावात भंगार म्हणून विकले गेले. मायापुरीच्या बाजारात ते कापले गेले, आतला कोबाल्ट-६० उघडा पडला, आणि एप्रिलमध्ये माणसे भाजल्यासारखी होऊन रुग्णालयात आली. एक कामगार मरण पावला. त्या पेटीत काय आहे हे ओळखू शकणारी विद्या विद्यापीठात होती आणि ती पेटी कापणारा हात मायापुरीत होता. जातिव्यवस्था ही श्रमाची नसून श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले. त्यात विषाचीही विभागणी येते, एवढेच मी जोडीन.

कायद्याकडे वळतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००५ साली केलेल्या अंदाजात देशाचा ई-कचरा वर्षाला सुमारे १ लाख ४६ हजार टन होता व त्यात महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता, २० हजार टनांवर. आज ह्या आकड्यांचे हसू येईल. २०२२ साली जगाचा ई-कचरा ६ कोटी २० लाख टन झाला आणि त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रण झाल्याची नोंद असलेला हिस्सा २२.३ टक्के. नियम तीनदा झाले: २०११, २०१६, २०२२. २०१६च्या नियमांनी उत्पादकांना उद्दिष्टे घालून दिली. ती जड वाटतात म्हणून २०१८ मध्ये सुरुवातीची उद्दिष्टे ३० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणली. १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या नव्या नियमांत उद्दिष्ट ६० टक्क्यांपासून सुरू होते आणि पुढे ८० टक्क्यांपर्यंत जाते. ऐकायला उत्तम. पण उत्पादकाने स्वतः काही ओढायचे नाही. नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्याकडून प्रमाणपत्र विकत घ्यायचे. निफाडच्या त्या शेतकऱ्याला रात्री का होईना, आपली बैलजोडी जुंपावी लागली होती. येथे कागद ओढला की झाले. कारखान्यापर्यंत माल कोणी, कोणत्या हातांनी, कोणत्या भावाने आणला हा रकाना प्रमाणपत्रावर नाही.

मग काय करायचे? काम सोडा, हे महाडचे उत्तर. आपल्यातले कडवे कार्यकर्ते आजही तेच म्हणतात, आणि त्यामागच्या स्वाभिमानाला मी वंदन करतो. दुसरीकडे अप्पासाहेब पटवर्धनांसारख्या गांधीवाद्यांचे उत्तर होते: त्यांनी कोकणात स्वतः भंगीकाम केले, मेलेली जनावरे सोलली, आणि काम शास्त्रशुद्ध केले की त्यातला कमीपणा जाईल असे मानले. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही. पण ब्राह्मणाने स्वेच्छेने सोलणे आणि महाराने जन्माने सोलणे ह्यांत सुरी एकच असली तरी काम एक नसते. जनावराच्या बाबतीत 'सोडा' हे उत्तरच बरोबर होते, कारण ते काम वतनाने बांधलेले होते आणि सोडल्याशिवाय बांधणी तुटणारच नव्हती.

यंत्राच्या बाबतीत मला थोडे वेगळे दिसते, आणि ते माझ्या हातांच्या अनुभवावरून. मेलेले यंत्र नीट उघडणे ही विद्या आहे. बंगळुरूला स्वित्झर्लंडच्या 'एम्पा' ह्या संस्थेच्या तज्ज्ञांनी २००६च्या सुमारास पाहणी केली तेव्हा दोन गोष्टी आढळल्या. तेजाब वापरून घरगुती पद्धतीने बोर्डातले जेमतेम पाव हिस्सा सोने हाती लागते. आधुनिक भट्टीत ९५ टक्के निघते. म्हणजे फुप्फुसे जाळून तीन हिस्से सोने ही माणसे गटारात सोडत होती. पण उघडणे, वेगळे करणे, प्रतवारी लावणे ह्या कामात सुटा माणूस यंत्राला हरवतो. मोठे कारखाने संच सरसकट चिरडतात आणि धातू एकमेकांत मिसळून वाया जातात. तेव्हा रेघ कोठे मारायची ते स्पष्ट आहे. स्क्रू, झाकण, वायर, चुंबक, बोर्ड वेगळे करण्यापर्यंत काम हातांचे. जाळ आणि तेजाब हातांचे नव्हे, ते भट्टीचे आणि धूर अडवणाऱ्या चिमणीचे. बोर्ड अखंड विकायचा, आणि त्यातल्या सोन्याच्या भावात उघडणाऱ्याचा वाटा ठरवून घ्यायचा. ओल्या फडक्याने पुसलेले टेबल, हातमोजे, घरी जाण्याआधी बदलायचे कपडे, आणि कामाच्या जागेत मुले नाहीत. ह्याला फार भांडवल लागत नाही. जागा लागते, आणि संघटना लागते.

संघटनेचे उदाहरण लांब नाही. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातल्या बहुसंख्य बायका मातंग आणि नवबौद्ध. त्यांनी प्रथम मागितले ते ओळखपत्र, म्हणजे आम्ही चोर नाही, कामगार आहोत ह्याचा कागद. २००८ पासून त्यांच्या 'स्वच्छ' ह्या सहकारी संस्थेने पुणे महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम घेतले, आणि पुढे ई-कचराही त्या गोळा करू लागल्या. नाशिकमध्ये घंटागाडी आली त्याला पाव शतक होऊन गेले. गाडीवरचा माणूस कंत्राटीच राहिला, आणि मागे लोंबकळणाऱ्या पोत्यात तो बाजूला काढतो त्या चार्जर-मोबाईलांची कोठे नोंद नाही.

एक कलम मात्र आहे, आणि ते बहुतेकांच्या नजरेतून सुटलेले आहे. २०१६च्या आणि २०२२च्या, दोन्ही नियमांत राज्य सरकारची कर्तव्ये दिली आहेत. औद्योगिक वसाहतीत ई-कचरा मोडणी व पुनर्चक्रणासाठी जागा किंवा शेड राखून ठेवावी. कामगार खात्याने ह्या कामातल्या कामगारांना ओळख द्यावी, त्यांची नोंदणी करावी, त्यांचे गट बांधायला मदत करावी, त्यांना प्रशिक्षण द्यावे, आणि त्यांच्या आरोग्यावर दरवर्षी लक्ष ठेवावे. हे मी वाचले तेव्हा दोनदा वाचले. सातपूर-अंबडला वसाहतही आहे आणि कामगारही.

म्हणून गेल्या वर्षी आम्ही अकरा जणींचा एक अर्ज केला. माझे दोन जुने विद्यार्थी रविवारी येऊन त्यांना संच उघडायला शिकवतात. खरे म्हणजे पहिल्या दिवशी त्यांनीच त्या पोरांना शिकवले, योक न फोडता कसा सोडवायचा ते. अर्ज द्यायला गेलो तेव्हा टेबलामागच्या गृहस्थांनी कागद वाचला, कलम वाचले, आणि विचारले, "धंद्याच्या रकान्यात काय लिहू? भंगार वेचक लिहितो." माझ्या टीव्हीतले तांबे चांगले निघाले असे जिने मला सांगितले होते ती बाई पुढे झाली.

"वेचक नका लिहू," ती म्हणाली. "मशीन खोलते, असं लिहा."

त्यांनी पेन तसेच हातात धरून ठेवले, मग तसे लिहिले.